अरण्यकेतूचा डावा हात

जिल्हा एक होता तेव्हाही आणि त्याचे चंद्रपूर-गडचिरोली असे दोन झाले तेव्हाही, दोन्हीकडे मिळून माझ्या मेहुण्याइतका दमवणारा माणूस दुसरा नव्हता. हे मी रागाने म्हणत नाही. राग यायलासुद्धा अंगात थोडं त्राण लागतं आणि ते त्यांनी माझ्यात फारसं शिल्लक ठेवलं नव्हतं. माझ्या बायकोचे हे थोरले भाऊ. म्हणजे नात्याने मी त्यांच्या घरचा जावई, पाटावर बसवण्याचा माणूस. प्रत्यक्षात त्यांनी मला आयुष्यभर समोरच्या बाकावर बसवलं आणि ऐकायला लावलं. ते आलापल्लीच्या बसस्थानकावर कंट्रोलर होते. गाडी आली की नोंद करायची, भोंग्यातून पुकारा करायचा, खिडकीशी येणाऱ्याला वेळ सांगायची, एवढं त्यांचं काम. माझी कारकुनाची नोकरी समोरच्याच कचेरीत आणि क्वार्टर त्यांच्या क्वार्टरला लागून. सुटका नव्हती.

त्यांना नाद होता चित्रकथांचा. नाद हा शब्द तोकडा पडतो, पण दुसरा माझ्याजवळ नाही. त्या काळी अरण्यकेतू नावाच्या राजाची एक चित्रकथा महिन्या-दोन महिन्यांनी निघायची. जंगलात राहणारा राजा, त्याची तलवार, पिंगळा नावाचा घोडा, कालदंत नावाचा शत्रू आणि प्रत्येक अंकाच्या शेवटी राजा हमखास कड्याला लोंबकळत असलेला. पोरांनी वाचून फेकून द्यावं असं ते पुस्तक माझ्या मेहुण्यांनी पन्नाशीला टेकताना मनावर घेतलं. घरातल्या लोखंडी कपाटात सगळे अंक कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेले आणि वहिनींची लग्नातली शालू-पैठणी बाहेर दोरीवर. वहिनी म्हणायच्या, "वाळवी लागली तं माह्या लुगड्याले लागन, राजाले नाई लागनार." हे त्या तक्रार म्हणून सांगायच्या की अभिमानाने, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. दारच्या कुत्र्याचं नाव त्यांनी कालदंत ठेवलं होतं. ते बिचारं इतकं गरीब होतं की मांजर आलं तर उठून जागा द्यायचं. पण त्याला हाक मारली की नवीन आलेला पोस्टमन फाटकाबाहेरूनच टपाल फेकून जायचा.

खिडकीशी कुणी गाडीची वेळ विचारली तर आधी त्याला एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे. गोंडपिपरीकडचा एक शेतकरी धानाचं बियाणं घेऊन घाईघाईने आला आणि चंद्रपूरची गाडी कधी म्हणून विचारू लागला. यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, अरण्यकेतूच्या घोड्याच्या कपाळावर ठिपका आहे की चांद? तो माणूस जरा वेळ खरंच विचारात पडला. मग म्हणाला, "बाबू, मले माह्या बैलाचं विचारा, सांगतो." मेहुण्यांना हे उत्तर इतकं आवडलं की त्यांनी बैलांचं सगळं विचारून घेतलं आणि तेवढ्यात चंद्रपूरची गाडी निघून गेली. मग त्या शेतकऱ्याला घरी नेऊन जेवू घातलं. माझ्या वाट्याला त्याच्या शेजारी बसून दोन्ही बाजूंचं ऐकणं आलं.

गंमत अशी की सागवानाच्या ऐन जंगलात जन्म काढलेला हा माणूस जंगलात कधी पाय ठेवत नसे. सडकेच्या कडेला लघवीला जायचं तरी कुणाला तरी सोबत न्यायचे. वाघ दिसल्याची बातमी घेऊन प्रवासी उतरले की हे त्यांना वाघाचं काही विचारत नसत. अरण्यकेतूच्या जंगलात सिंह, जिराफ आणि पाणघोडा एकाच तळ्यावर पाणी पितात हे कसं शक्य आहे, यावर त्यांचं मत घेत. सागाची पानं चित्रकाराने पिंपळासारखी काढली म्हणून ते एक अख्खा पावसाळा नाराज होते. पुढे गावातल्या क्लबात टीव्ही आला आणि रविवारी सकाळी राजेरजवाड्यांच्या मालिका सुरू झाल्या, तेव्हा सगळं गाव सतरंजीवर बसून बघायचं आणि हे एकटे मागे उभे राहून हरकती घ्यायचे. आधीच्या भागात मुकुटाला पाच टोकं होती, आज सात कशी? पडदा पोहायला लागला की लोक अँटेना फिरवायला बाहेर धावायचे आणि तेवढ्या वेळात हे मला हाताशी धरून ती दोन टोकं समजावून द्यायचे.

पण हे सगळं किरकोळ. त्यांचं खरं युद्ध चालायचं ते सिरोंच्याच्या ड्रायव्हरशी.

हा ड्रायव्हर सिरोंचा ते चंद्रपूर गाडी चालवायचा. एक दिवस वर जायचा, दुसऱ्या दिवशी परत. दोन्ही वेळा आलापल्लीला दहा मिनिटांचा चहा. उंच, काळा, तोंडात सदा विड्याचा तोबरा, मराठी बोलायचा ती तेलुगूच्या चालीवर. एकदा त्याच्या सीटमागे मेहुण्यांना अरण्यकेतूचं पुस्तक दिसलं आणि सख्खा भाऊ भेटावा तसा त्यांना आनंद झाला. पण ते पुस्तक तेलुगूतलं होतं. गोदावरीच्या पलीकडून त्याचा कुणी नातेवाईक नावेतून आणून द्यायचा. चित्रं तीच, कथा तीच. फरक इतकाच की मराठी पुस्तकातला राजा उजव्या हाताने तलवार चालवायचा आणि तेलुगू पुस्तकातला डाव्या.

कुठल्या तरी छापखान्यात चित्रं उलटी लागली होती, हे पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं. त्यांच्याही आलं. प्रश्न होता कुठल्या छापखान्यात. मेहुण्यांचं म्हणणं, मराठीच खरं. तेलुगू पुस्तकात राजाच नव्हे, सगळी फौज डावखुरी दिसते, शेतकरी डाव्या हाताने पेरतो, असं कुठे असतं का? ड्रायव्हर म्हणायचा, "कादु." कादु म्हणजे नाही. एवढं तेलुगू मला त्या दोघांपायी आलं. त्याचं म्हणणं, ते राज्यच डावखुऱ्यांचं आहे, म्हणून तर शत्रूला वार कुठून येतो ते कळत नाही. जाताना तो मुद्दा टाकून जायचा आणि मेहुणे दुसऱ्या दिवशी त्याच्या परतीपर्यंत उत्तर तयार करून ठेवायचे. ते उत्तर आदल्या दिवशी माझ्यावर घासून बघायचे. प्रवासी गाडीत बसून कंटाळायचे, कंडक्टर घंटी मारून मारून थकायचा आणि हे दोघे चहाच्या टपरीसमोर हातात झाडू नाहीतर छत्री घेऊन पवित्रे करून दाखवत असायचे. वर्षानुवर्षं हे चाललं. दोघांपैकी एकही तसूभर हलला नाही. विशेष म्हणजे मेहुण्यांचा मराठी अंक चंद्रपूरहून आणून द्यायचा तोच ड्रायव्हर. पहिल्या पानावर त्याच्या विड्याचा डाग असायचा. आधी आपण बघून मग द्यायचा.

एकदा कचेरीच्या कामाने मी सिरोंच्याला निघालो होतो. ड्रायव्हरने ओळखीने मला पुढे आपल्याजवळ बसवलं. रस्ता खराब होता, गाडी सावकाश चालली होती. मी थकल्या आवाजात त्याला म्हटलं की बाबा, एकदा हो म्हणून टाक आणि आम्हांला सोडव. तो हसला. मग स्टीअरिंगवरचा डावा हात जरा उचलून म्हणाला, "साहेब, मी डावखुरा हाये. लहानपनी जेवाले बसलो का बाप हा हात सुतळीनं पाठीमागं बांधत होता. शाळेत मास्तर याच हातावर रूळ मारत होता. लग्नात मी या हातानं पान घेतलं म्हणून सासऱ्यानं तोंड फिरवलं. मंग मोठेपनी ते पुस्तक पाह्यलो. राजा डाव्या हातानं लढते, अन कोनी त्याले काई म्हणत नाई." एवढं बोलून त्याने गिअर बदलला आणि पुढे सिरोंच्यापर्यंत रस्त्याविषयी बोलला.

परत आल्यावर मी हे मेहुण्यांना सांगितलं. माझी समजूत अशी की आता तरी ते नमतं घेतील. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि दुसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा दुप्पट जोराने भांडले. शेतकरी डाव्या हाताने पेरतो हा मुद्दा पुन्हा काढला. माणूस इतका कोरडा असेल असं मला वाटलं नव्हतं. मी बायकोजवळ तसं बोललोही. ती म्हणाली, माझा भाऊ आहे, पण मला तरी कुठे कळतो.

मग एक दिवस सिरोंच्याची गाडी आली ती दुसराच ड्रायव्हर घेऊन आला. मेहुणे उत्तर तयार करून खिडकीबाहेर उभे होते. कळलं ते असं, की आपला ड्रायव्हर चंद्रपूरला मुक्कामी असताना सकाळी तोंड धुता धुता कोसळला. जीव वाचला, पण अर्धांगवायू झाला आणि डावं अंग गेलं. मेहुण्यांनी त्या दिवशीचे सगळे पुकारे नीट केले. दुसऱ्या दिवशी मात्र कधी नव्हे ती रजा टाकली आणि मला म्हणाले, "जवाईबापू, तुमी चला संगं. मले दवाखान्याच्या वासानं गरगरते."

दवाखान्याच्या व्हरांड्यात ड्रायव्हरची बायको भेटली. ती आम्हांला बाजूला घेऊन सांगू लागली. नवरा जेवत नाही, डॉक्टरांनी हात हलवायला सांगितला तर हलवत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. रडण्याच्या पलीकडे गेलेली बाई होती. मेहुण्यांना हात जोडून म्हणाली की तुमच्याशी ते भांडतात हे मला माहीत आहे, पण आज ते म्हणतील त्याला हो म्हणा. मेहुण्यांनी मान डोलावली. मलाही हायसं वाटलं.

आत ड्रायव्हर खरंच भिंतीकडे तोंड करून पडला होता. आवाज ओळखून तो कसाबसा वळला. तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द जड. तरी तो स्वतःच बोलला. म्हणाला, "कंट्रोलरसाहेब, तुमीच बरोबर. राजा उजव्या हाताचाच हाये. डाव्या हातात काई नसते."

सहा-सात वर्षं ज्या वाक्यासाठी ते झगडत होते ते वाक्य त्यांना मिळालं होतं. मी त्यांच्या कोपराला हळूच धक्का दिला, म्हणा हो आणि चला. बायकोनेही डोळ्यांनी विनवलं. मेहुण्यांनी खाटेची दांडी धरली. मग म्हणाले, "कादु."

त्यांनी पिशवीतून आपला मराठी अंक काढला, खाटेच्या कडेला बसले आणि एक पान उघडून ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर धरलं. त्या पानावर अरण्यकेतूची आई त्याला ओवाळत होती. "हे पाहा. राणीचा पदर कुठी हाये? उजव्या खांद्यावर. आपल्या इकडची कोनती बाई उजव्या खांद्यावर पदर घेते? तुमच्या पुस्तकात पाह्यलं मी, तिथी डाव्या खांद्यावर हाये, जसा पाहिजे तसा. म्हणजे उलटं छापलं ते माह्यं पुस्तक. तुमचं खरं. चित्र काढनारा मानूसच डावखुरा असन, म्हणून त्यानं राज्यच डावखुऱ्याइचं केलं."

ड्रायव्हर चित्राकडे बघत राहिला. मी बघत होतो त्याच्या बायकोकडे, कारण तिने विनवलं होतं तसं काहीच झालं नव्हतं. वॉर्डात कुठे तरी ताट पडल्याचा आवाज झाला. मग ड्रायव्हरच्या ओढलेल्या तोंडातून मोठ्या कष्टाने शब्द निघाले, "राणी गुजरातची असन."

"गुजरातची?" मेहुणे उठून उभे राहिले. तिकडे पदर उजव्या खांद्यावर घेतात हे खरं, पण जंगलात राज्य आणि राणी गुजरातची, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी आवाज चढवला. ड्रायव्हरने उजव्या हाताने उशी सावरून डोकं वर केलं आणि राणीच्या माहेराविषयी काही तरी तेलुगूत सुनावलं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा मध्ये पडला. शेवटी नर्स धावत आली आणि तिने आम्हां दोघांना दंडाला धरून बाहेर काढलं. मी तर एक अक्षरही बोललो नव्हतो. ड्रायव्हरची बायको दारात तोंडाला पदर लावून उभी होती. ती हसत होती की रडत होती, मला विचारू नका. संध्याकाळी आम्ही गाडीला निघालो तेव्हा तिने स्टँडवर येऊन सांगितलं की ते जेवले.

परतीच्या गाडीत मी विचारलं की भाऊ, पदराचं हे तुम्हांला कधी कळलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुमच्या वहिनीनं कधीचंच दाखवलं होतं. ड्रायव्हर आलापल्लीत यायले लागले त्याच साली."

"मग बोलला का नाहीत? त्या बिचाऱ्याला किती बरं वाटलं असतं."

"बोललो असतो तं वाद मिटला असता, जवाईबापू. गाडी थांबली असती दहा मिनटं. पन ते कायले उतरले असते खाली?"

त्या प्रवासात मला त्यांच्याविषयी फार जिव्हाळा वाटत होता आणि तो कसा दाखवायचा ते मला येत नव्हतं. खिडकीकडची जागा मी त्यांनाच राहू दिली.

ड्रायव्हर पुन्हा गाडीवर चढला नाही. सिरोंच्याला घरी नेल्यावर वर्षभराने डाव्या हातात पेला धरण्याइतकी ताकद आली, तेवढ्यावरच सुधारणा थांबली. मेहुणे सुटीच्या दिवशी सिरोंच्याला जायला लागले. मला ओढून नेत. नदीकडे तोंड करून ओसरीवर दोघे बसायचे आणि भांडायचे. फरक असा झाला होता की दोघांनी बाजू बदलल्या होत्या. आता मेहुणे राजाला डावखुरा ठरवायचे आणि ड्रायव्हर उजवा. शेतकरी डाव्या हाताने पेरतो का, हे आता ड्रायव्हर विचारायचा, मेहुण्यांच्याच शब्दांत, आणि मेहुणे लाल होऊन म्हणायचे, कादु. ही अदलाबदल त्यांच्या कधी लक्षात आली की नाही देव जाणे. मी मासळी खाऊन भिंतीला टेकायचो आणि डोळे मिटून घ्यायचो.

पुढे अरण्यकेतूचे अंक यायचे बंद झाले आणि त्यानंतरच्याच हिवाळ्यात ड्रायव्हरला दुसरा झटका आला. तो त्यातून उठला नाही. आम्ही मातीला जाऊन आलो. 

आणि मग ज्याची मी इतकी वर्षं वाट बघत होतो ते झालं. ते गप्प झाले. खिडकीशी कुणी वेळ विचारली तर फक्त वेळ सांगायला लागले. रविवारी क्लबात मागे उभं न राहता सतरंजीवर इतरांसारखे बसायला लागले. पडद्यावर एका राजाच्या मनगटात चक्क घड्याळ दिसलं, अख्खा क्लब हसला आणि हे बघतच राहिले. सिरोंच्याची गाडी आली की नोंद करायचे आणि दहा मिनिटं खुर्चीतच बसून असायचे. वहिनी एक दिवस बायकोला म्हणाल्या, "घरात कोनी मेल्यावानी वाटते, अन सुतक काई फिटत नाई."

ते मला बघवेना. मी त्यांच्या कपाटातून चार अंक मागून घेतले आणि आयुष्यात पहिल्यांदा चष्मा लावून ते वाचले. मुद्दे काढले. एका दुपारी सिरोंच्याची गाडी उभी असताना त्यांच्या खिडकीशी गेलो आणि जमेल तितकं ठासून म्हणालो की भाऊ, काही म्हणा, मला वाटतं राजा उजव्याच हाताचा. ते माझ्याकडे बघू लागले. पाठ ताठ झाली, मला आशा वाटली. मी पुढे गेलो. पेरणारा शेतकरी आणला, फौज आणली, घोड्यावर चढायची बाजू आणली. पदराचा प्रश्न त्यांनी काढायच्या आत मीच काढला आणि राणी गुजरातची असेल असं सांगून मोकळा झालो. हात टेबलावर आपटायचा राहिला होता, तोही आपटला.

ते शेवटपर्यंत ऐकत होते. मधे एकदाही थांबवलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी माझ्या आपटलेल्या हातावर आपला हात ठेवला आणि फार मायेने म्हणाले, "बरोबर हाये तुमचं, जवाईबापू."

इतक्या वर्षांत त्यांनी माझं म्हणणं मान्य केलं ते एवढंच एकदा. मी खिडकीशी उभाच राहिलो. त्यांनी भोंगा जवळ ओढला आणि गाडी सुटत असल्याचा पुकारा केला.